यजमानांचं पत्र

क्षितिजाची भाजणी शिवाच्या गिरणीत अडकली नसती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. परळच्या त्या छोट्याशा पिठाच्या गिरणीत शिवानं तिचा डबा वरच्या नरसाळ्यात रिकामा केला, चार मुठी धान्य खाली गेलं आणि गाडं थांबलं. शिवानं कान जवळ नेला, एका जागी बोटानं टिचकी मारली... आणि भाजणी सरसर उतरली.

"तिथेच का मारलीत?" क्षितिजानं विचारलं.

पिठानं पांढऱ्या झालेल्या पापण्या वर उचलून तो म्हणाला, "अडकलं तिथेच होतं."

दुसरी कुणी डबा घेऊन घरी गेली असती. पण क्षितिजानं भौतिकशास्त्रात डॉक्टरेट केली होती ती नेमकी याच प्रश्नावर – नरसाळ्यातून वाहणारे दाणे मध्येच का अडकतात? आता त्याच विषयासाठी तिला तरुण संशोधकांची एक फेलोशिप हवी होती. तीन वर्षं, स्कॉटलंडला. डॉक्टरेटनंतर ठरावीक वर्षांतच अर्ज करता येई आणि तिचं हे शेवटचं वर्ष होतं. नऊ दिवस उरले होते. पायाला भिंगरी लागल्यासारखी ती घरभर फिरायची. तिनं लिहायचा बाकी सगळा भाग तयार होता. फक्त 'सामान्य वाचकाला कळेल असा गोषवारा' हे पान अकरा वेळा लिहून अकरा वेळा खोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती ज्वारी घेऊन गेली. मग नाचणी. मग तांदूळ. घरात कार्य आहे का, असं आईनं विचारलं तेव्हा ती 'प्रयोग' म्हणाली. अर्धं खरं होतं ते. उरलेलं अर्धं असं, की "बारीक की जाड?" हा प्रश्न शिवा तिला विचारायचा तेव्हा जरा थांबून, तिच्याकडे बघत विचारायचा. आणि एवढ्या शिकलेल्या मुलीला उत्तर चटकन सुचायचं नाही.

चौथ्या दिवशी तिनं विचारलंच, की दाणे अडकतात कशानं.

"सगळ्यांनाच आधी उतरायचं असतं," शिवा म्हणाला. "रेटारेटी करतात. मग एकमेकांना असे धरून बसतात, की कुणालाच हलता येत नाही. तुमच्यासारखे."

"माझ्यासारखे?"

"घाईतले... चप्पलसुद्धा वेगवेगळ्या जोडांतली घातलीय तुम्ही."

तिनं खाली बघितलं. एक चप्पल तिची होती, एक आईची. ती हसली, तोही हसला, आणि त्या रात्री गोषवारा पहिल्याच वाक्यापासून नीट लिहून झाला. पहिलं वाक्य शिवाचंच होतं.

मग माशी शिंकली. दोन दिवसांनी रांगेतल्या कौसल्याकाकूंनी सहज विचारलं, की सारखी मोबाइल काय बघतेस गं. क्षितिजा दिवसभर अर्जातच बुडालेली. 'होस्ट' हा शब्द काकूंना कळायचा नाही म्हणून तिनं शुद्ध मराठी केलं.

"यजमानांचं पत्र यायचंय, स्कॉटलंडहून. ते आलं की मी तिकडेच."

काकूंनी तिच्या मोकळ्या गळ्याकडे एकदा बघितलं आणि आजकालच्या मुली म्हणून सोडून दिलं. शिवाला मात्र सोडता आलं नाही. गव्हात बाजरी ओतली त्यानं.

दुसऱ्या दिवशी त्यानं मान वर न करता विचारलं, "वहिनी, बारीक की जाड?"

वहिनी! तिला काहीच उमगेना. डबा तसाच उचलून ती घरी आली, आईवर उगाच करवादली आणि दोन दिवस गिरणीकडे फिरकली नाही. जिवाला चैन मात्र नव्हतं.

शेवटच्या दिवशी दुपारी पत्र आलं. मुदत साडेपाचची. पाच वाजता क्षितिजा लॅपटॉप छातीशी धरून गिरणीत शिरली. डब्याशिवाय.

"वहिनी कुणाला म्हणता तुम्ही?"

"यजमान आहेत ना तुमचे. स्कॉटलंडला."

तिनं कपाळाला हात लावला. त्यांच्या प्रयोगशाळेत मी पाहुणी म्हणून ते यजमान, तिनं समजावलं. प्राध्यापक आहेत, अडुसष्ट वर्षांचे, नातवंडं आहेत त्यांना.

शिवाच्या कानांच्या पाळ्या पिठाखालून लाल झाल्या. "मग... घरी कुणी?"

"घरी पीठ आहे. सहा डबे. कुणासाठी दळून घेतलं, ते तुम्हाला कळायला हवं होतं."

शिवानं गिरणी बंद केली. एकदम इतकं शांत झालं, की दोघंही अवघडली. तिनं लॅपटॉप उघडून समोर ठेवला. सगळं भरलेलं होतं. एक बटण दाबायचं बाकी होतं, आणि तिचं बोट पुढे जाईना.

"इतकी वर्षं हेच हवं होतं मला," ती म्हणाली. "आता वाटतं... पाठवूच नये."

शिवानं आधी तिच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. त्याच्या बोलण्यातलं 'वहिनी' गेलं, 'तुम्ही'ही गेलं.

"निकाल कधी?"

"चार महिन्यांनी."

"म्हणजे चार महिने आहेस." तो जरा जवळ आला. "आणि तीन वर्षं काय गो, गिरणी माझ्या आजोबांपासून इथेच आहे. मी अडकलेलं सोडवतो. अडकवत नाही कुणाला."

एवढं बोलून त्यानं बटणावर टिचकी मारली.

अर्ज गेला. बटणावर पिठाचा पांढरा ठसा उमटला. शिवा तो पुसायला गेला, तर क्षितिजानं त्याचा हात धरला आणि सोडला नाही.

"राहू दे," ती म्हणाली. "तिकडे न्यायचाय."