जीर्णतेची चिठ्ठी

प्रेमाने दुसऱ्याजवळ वेळ मागावा, यात काही गैर नाही. परंतु न विचारता तो घेणे हा अपराधच होय, मग हेतू कितीही कोमल असो. ज्या दोघांची ही कथा, ती दोघेही सज्जन होती. म्हणूनच ती सांगताना मन जड होते.

जुन्या दप्तरखान्यात एक तरुण दप्तरदार शिडीवर उभा राहून वरच्या फळीवरची जुन्या कागदांची बासने उतरवीत होता. खाली पावले वाजली. शिपाईच आला असे समजून तो न पाहताच म्हणाला, “अरे, शिडी धर जरा. डुगडुगतेय.”

“धरली,” खालून आवाज आला. “पण मला ‘अरे’ म्हणणारे तुम्ही पहिलेच.”

तो इतक्या घाईने वळला, की एक बासन निसटले आणि खाली उभ्या तरुणीच्या केसांवर शंभर वर्षांची धूळ बसली. ती शाळेत शिकवीत असे. खडूच्या धुळीत दिवस काढणारी ती नुसती हसली.

तिच्या पणजोबांच्या हातून एका मारामारीत माणूस दगावला होता. त्यांना जन्मठेप झाली आणि जहाजात घालून समुद्रापारच्या वसाहतीत धाडण्यात आले. आजोबा तेव्हा पाळण्यात होते. त्यानंतर ना पत्र, ना निरोप. त्यांचाच माग काढायला ती आली होती.

“लोक म्हणायचे, तिकडे दुसरा संसार थाटला असेल,” ती म्हणाली. “आजोबांच्याही मनानं तेच घेतलंय. नव्वदी ओलांडली, तरी विषय निघाला की ताटावरून उठतात. त्यांना एकच कळायला हवंय... वडिलांना आपली आठवण होती का.”

शाळा सुटल्यावर ती रोज येऊ लागली. दोघे मिळून कैद्यांच्या नोंदवह्या चाळीत: क्रमांक, उंची, अंगावरच्या खुणा, जहाज. एकाच नावाचे कैदी अनेक होते; पणजोबांच्या उजव्या भुवईतून व्रण गेला होता, एवढीच खूण तिला ठाऊक होती.

“बाई, आज उशीर?” तो विचारी.

“हजेरी घेताय?”

“घ्यावीच लागते. पटावर एकच नाव आहे.”

ती वहीत डोके घाली. पण पान मात्र बराच वेळ उलटले जात नसे...

एका मंगळवारी सकाळी, ती यायच्या आधीच, त्याला तो व्रण सापडला. क्रमांकावरून अर्जांचे बासनही मिळाले. आत सात अर्ज होते. सात वर्षे, दरवर्षी एक. ‘माझ्या पत्नीस व मुलास येथे येऊ द्यावे.’ प्रत्येकाखाली अंगठा, आणि त्याखाली साहेबाची सही: नामंजूर. आठव्या वर्षी मृत्यूची नोंद.

त्याला भरून आले. मग दुसराच विचार मनात डोकावला—हे हाती पडले, की ती उद्यापासून कशाला येईल? दप्तरखान्याचा नियम असा, की ज्या बासनावर ‘जीर्ण’ अशी चिठ्ठी लागते, ते दुरुस्ती होईतो कोणाला दाखवायचे नाही. बासन धडधाकट होते. त्याने चिठ्ठी लावली. चारच दिवस, त्याने मनाला बजावले. शनिवारी तिच्यापुढे ठेवू, आणि त्याच वेळी मनातलेही बोलू.

शुक्रवारी ती आली नाही. शनिवारीही नाही.

सोमवारी आली, ती दारातच थांबली. “आजोबा गेले. शुक्रवारी पहाटे,” ती म्हणाली. “आता शोध थांबवला तरी चालेल... तेवढंच सांगायला आले.”

त्याला गप्प राहता आले असते. त्याने बासन आणून तिच्यापुढे सोडले. तिने सातही अर्ज वाचले. अंगठ्याच्या ठशांवरून बोट फिरवले.

“कधी सापडलं?”

“मंगळवारी.”

“गेल्या?”

“हो.” त्याने ती चिठ्ठी पुढे केली. “मी लावली. वाटलं, हे मिळालं की तुम्ही यायच्या थांबाल.”

तिने चिठ्ठी घेऊन अर्जांवर ठेवली.

“गुरुवारी रात्री त्यांनी विचारलं होतं,” ती म्हणाली. “मी म्हटलं, अजून काही नाही. ते म्हणाले, असू दे, तो माणूस आपला नव्हताच.”

त्याची मान खाली गेली.

“आणि मी थांबले नसते हो,” ती म्हणाली. “दुसरा कुठला तरी पूर्वज शोधायला काढला असता. नसता मिळाला तर बनवला असता. एवढंही कळलं नाही तुम्हाला?”

“बाई...”

“नकला करून द्या. टपालानं पाठवा. मला आता इथं बसवणार नाही.”

ती गेली. त्याने त्याच दुपारी सातही अर्ज स्वहस्ते उतरवून काढले, आणि टपालाची थैली बंद होण्याआधी लखोटा स्वतः नेऊन टाकला. त्यात स्वतःविषयी त्याने एक अक्षरही लिहिले नाही.

समुद्रापार हाक मारीत राहिलेल्या त्या पित्यास आणि ती कानी न पडताच गेलेल्या त्याच्या पुत्रास परस्परांची भेट घडो. आणि मागे राहिलेल्या या दोघांना, एकत्र असोत वा दूर, एकमेकांविषयी कडू न होणारे अंतःकरण लाभो.