अण्णांचं उजवं पाऊल

"सोडा, वहिनी! माझ्या बापाच्या तोंडचा घास काढता?"

गौरीचा आवाज चढला, आणि शहाण्णव सालच्या त्या चंदी पडव्याला, घारी खायच्या सणाला, जमलेलं सगळं घर वळून पाहू लागलं... सासऱ्यांच्या ताटलीतून उचललेली घारी माधवीच्या हातात तशीच राहिली. माव्यानं भरलेली, तुपानं थबथबलेली, नणंदेनं सासरी कतारगामहून हौसेनं आणलेली घारी! अण्णांची रक्तातली साखर महिनाभर उतरत नव्हती, हे तिला सांगायचं तरी कसं? आणि सांगितलं असतं तरी ऐकणार कोण!

अण्णांची उभी हयात चलथाणच्या साखर कारखान्यात गेली होती. उकळता पाक बोटांवर घेऊन दाणा धरला की नाही ते सांगणारा माणूस, आणि आता त्याच माणसाला बिनसाखरेचा चहा! तोही ते कसाबसा गिळत. पण संध्याकाळ मात्र त्यांच्या जिव्हारी लागे. पाय बधिर झालेले, टाचणी टोचली तरी कळत नसे. म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून माधवी रोज त्यांचे पाय धुई, बोटांच्या बेचक्या कोरड्या करी, चष्मा लावून तळवे निरखी. सुनेनं आपले पाय हातात घ्यावेत... अण्णा संकोचानं भिंतीकडे तोंड करून बसत.

चार वर्षांचा तो संकोच आज संताप होऊन बाहेर पडला. "गौरे, मला ने इथून. जेलमध्ये ठेवलंय मला, आणि ही माझी जेलर!"

माधवीनं नवऱ्याकडे पाहिलं. अविनाशला सगळं ठाऊक होतं; पण तो खाली मान घालून वर्तमानपत्राची घडी घालत राहिला. एक शब्द... त्यानं एकच शब्द बोलायला हवा होता!

गौरी अण्णांना घेऊन निघाली, तेव्हा माधवी रिक्षापर्यंत धावत गेली. "वन्सं, अनवाणी नका जाऊ देऊ त्यांना. रोज पाय तेवढे बघा हं."

"माझ्या बापाला कसं सांभाळायचं ते मला शिकवू नका!"

तीन आठवड्यांनी गौरीचा फोन आला, तो हुंदक्यांतच. अण्णा रोज अनवाणी देवळात जात होते. काच कधी रुतली, त्यांनाही कळलं नाही. चादरीला डाग दिसला तेव्हा उजवं पाऊल घोट्यापर्यंत काळं पडलं होतं.

"बेन, रोज पाय कोण बघत होतं?" इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं. गौरीनं पदर तोंडात कोंबला. "वहिनी, मी बघितलेच नाहीत हो... तुमच्यावरचा राग धरून बसले!"

रड आता, असं माधवीच्या मनात क्षणभर आलं, आणि लगेच तिला स्वतःची शरम वाटली. तिनं नणंदेला जवळ घेतलं.

पाय गुडघ्याखालून आजच काढायला हवा होता, नाहीतर जिवावर बेतणार होतं. अण्णा मात्र हटून बसले. "मेलो तर मेलो, पाय देणार नाही!" अविनाशनं हात जोडले, गौरीनं शपथा घातल्या, ते नुसती मान हलवत राहिले. शेवटी क्षीण आवाजात म्हणाले, "सूनबाईला बोलवा. ती सांगेल तसं."

माधवीचं काळीज फाटलं. "अण्णा, माझ्याकडे हे नका हो मागू! जो पाय मी जपला, तो मीच कापा म्हणू?"

"तूच म्हण. हे सगळे माझं मन राखतात गं. खरं तेवढं तू सांगतेस..." या वेळी त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं नाही. "जेलर म्हटलं तुला. चुकलो, पोरी!"

"माझंही चुकलं, अण्णा," दारातून अविनाश पुटपुटला. "मी त्या दिवशी गप्प बसलो."

माधवीनं त्या काळवंडलेल्या पावलावर कपाळ टेकलं. तिची आसवं त्यावर टपटपत होती, आणि अण्णांना त्यातलं काहीच जाणवत नव्हतं... तिचे गदगदणारे खांदे तेवढे त्यांना दिसले. त्यांनी हात तिच्या मस्तकावर ठेवला.

मग तिनं डोळे पुसले आणि डॉक्टरांकडे वळली.

"कापा," ती म्हणाली.