टॅग दोनशे सतरा

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण यात माझ्या पदरचा एक शब्द नाही. कोरीन माझ्या शेजारी राहते. तिच्यासोबत घडलंय हे.

ऑस्ट्रेलियात कालगुर्लीजवळची सोन्याची खाण. फेब्रुवारीतला मंगळवार, संध्याकाळचे पाच चाळीस. बाहेर अजून रणरणतं ऊन.

सहाला खाली सुरुंग उडायचे होते.

कोरीन ऑफिसात डेटाबेस सांभाळायची. खाणीत जाणाऱ्या प्रत्येकाजवळ टॅग असतो, फाटकावरचं यंत्र तो वाचतं. एका टेबलात खाली गेलेले, दुसऱ्यात वर आलेले. टॅग नंबरवर दोन्ही टेबलं जोडायची. ज्याला जोडी नाही, तो अजून खाली. यादी रिकामी आली की मगच सुरुंग.

नावं तिसऱ्या टेबलातून यायची. ही यादी काढणाऱ्या जुन्या क्वेरीत तिथे इनर जॉइन होता. म्हणजे ज्या टॅगला नावच नाही, तो यादीतून गुपचूप गळायचा. कोरीनने त्याच दुपारी तिथे लेफ्ट जॉइन टाकला. आता नाव असो नसो, ओळ दिसणार.

तिने क्वेरी चालवली.

एक ओळ आली...

टॅग २१७. नाव नाही. चौदावी पातळी. खाली गेल्याची तारीख, अकरा वर्षांपूर्वीची.

फाटकावरची यंत्रं बसून चारच वर्षं झाली होती.

"कचरा आहे गं," शिफ्टचा मुख्य हॉकिंग म्हणाला. "पुसून टाक."

"पुसते. खाली कोणी नाही, अशी सही तू कर."

हॉकिंगने पेन उचललं. परत ठेवलं.

"माझी बिअर गरम झाली तर तुला बघतो," म्हणत तो दोन कामगारांना घेऊन गाडीने खाली उतरला.

कोरीन रेडिओजवळ बसली. नुसती खरखर. मग...

कोणीतरी खोकलं. जुनाट, ओला खोकला.

"हॉकिंग, पोचलास?"

"बाराव्यावर आहे. का?"

"आत्ता खोकलास?"

"कोणीच नाही खोकलं."

पंधरा मिनिटांनी त्यांना चौदाव्या पातळीवर डार्सी नावाचा खाणकामगार सापडला. दरड पडून पाय चिरडलेला, पण जिवंत. जॅकेट त्याने मित्राच्या गाडीत टाकलं होतं, टॅग त्या जॅकेटच्याच खिशात. गाडी वर आली, तशी यंत्राने डार्सीचीही नोंद केली. यादीच्या हिशेबाने तो केव्हाच वर आला होता.

गाडी वर पोचली तेव्हा कोरीन फाटकापाशी उभी होती.

"म्हातारा कुठाय?" डार्सीने विचारलं.

"कुठला म्हातारा?"

"माझ्या उशाशी बसलेला. झोपू देईना. म्हणाला, आज त्या बाईला मी दिसलोय, येतील आता."



कोरीनने आत येऊन क्वेरी पुन्हा चालवली. यादी रिकामी...

दुसऱ्या टेबलात शेवटची नोंद होती. २१७, वर आला, सहा बावन्न. हॉकिंगच्या गाडीसोबत.

गाडीतून चारच माणसं उतरलेली तिने डोळ्यांनी पाहिली होती.

हॉकिंग अजूनही ती नोंद काढून टाक म्हणतो. कोरीन हात लावत नाही. वर आल्याची ओळ पुसली, तर तो पुन्हा खाली दिसायला लागेल.