ट्रम्पेटवाल्याची रिकामी चौकट

घुग्घुसच्या त्या घरात शिरताच देवानंदला गुदमरल्यासारखं झालं. कोळशाची धूळ येऊ नये म्हणून खिडक्यांना चिकटपट्ट्या लावलेल्या. एकही फाटलेली नव्हती. आपला इथे काय उपयोग, असं त्याला नेहमीसारखं वाटलं. पण गुप्तहेर साक्षी रामटेके त्याला प्रत्येक कामावर सोबत नेत असे.

पलंगावर श्रीहरीभाऊ होते, नाकात ऑक्सिजनची नळी. भिंतीवर जॅझ वादकांची काळी-पांढरी छायाचित्रं. डार्करूमच्या अंधारात हाताने धुतलेली, मागे छायाचित्रकाराची सही असलेली, आयुष्यभर जमवलेली. मधली चौकट मात्र रिकामी.

"सकाळी या चौकटीत ट्रम्पेटवाला होता," मुलगा लोकेश म्हणाला. "खाणीतून आलो त गायब. चाव्या दोनच, माझी अन् हिची."

ही म्हणजे रोशनी, श्रीहरीभाऊंची देखभाल करणारी. पायाशी भरलेली बॅग. उद्या नागपुरात नर्सिंगला हजर झाली नाही तर तिची जागा जाणार होती, आणि लोकेशने फाटकाला कुलूप घातलं होतं.

"सकाळी फोटो पुसले, सरळ केले अन् चंद्रपूरले गेली," ती म्हणाली. "दवाखान्यात दाखल्याच्या रांगेत दिवस गेला. संध्याकाळी लोकेशभाऊ अन् मी संगंच कुलूप उघडून घरात शिरलो."

"खाणीत ब्लास्टिंग झालं का आज, सुरुंगाचं?" साक्षीने विचारलं.

"दुपारी रोजच होते," लोकेश हसला. "घर हलते. पाळी सुटेस्तोवर आम्हाले कोणी बाहेर सोडत नाई."

"भाऊ, पोलिसांना कळवलं?" साक्षी पलंगाकडे वळली.

"पोलीस नको," श्रीहरीभाऊ धापा टाकत म्हणाले. "फोटो सापडेपर्यंत हिला जाऊ देऊ नका, बस."

"तुम्हाला चालता येतं?"

"वॉकर धरून न्हाणीपर्यंत. दुपारी झोपलो होतो."

देवानंदला वाकड्या चौकटी बघवेनात. रिकामी आणि शेजारची ड्रमवाल्याची तेवढ्या सरळ होत्या. बाकीच्या नीट करायला त्याने हात उचलला.

"राहू द्या, देवानंदभाऊ," साक्षी म्हणाली. तिने दवाखान्यात आणि खाणीत फोन केले, मग पलंगाजवळ खुर्ची ओढली.

"रोशनीने सकाळी सगळ्या चौकटी सरळ केल्या. दुपारी स्फोटाने सगळ्या वाकड्या व्हायला हव्यात. दोन सरळ आहेत. म्हणजे त्या स्फोटानंतर कोणीतरी उतरवून परत टांगल्या. तेव्हा रोशनी रांगेत होती, लोकेश खाणीत. दोन्ही फोनवर पक्कं झालं. खिडक्या बंद, दाराला बाहेरून कुलूप. घरात एकच माणूस होता."

लोकेशने वडिलांकडे पाहिलं.

"चोर चौकट टाकून पळतो, भाऊ. सरळ टांगतो तो संग्राहक. आणि संग्राहक चित्र गादीखाली दुमडत नाही. देवानंदभाऊ, ड्रमवाला उतरवा."

देवानंदने चौकटीची पाठ सोडवली. ड्रमवाल्यामागे पातळ कागदात ट्रम्पेटवाला होता, गाल फुगवलेला.

"काऊन, बाबा?" लोकेशने विचारलं.

"ती गेली की या खोलीत मी अन् ही नळी. तू सकाळी जातोस," श्रीहरीभाऊ म्हणाले. "वाटलं, नर्सिंगची जागा गेली की ती इथेच राहील."

लोकेशने खाली मान घालून फाटक उघडलं. रोशनीने बॅग उचलली.

"दर रविवारी फोन करीन, असं मी मनात ठरवलं होतं, भाऊ," ती म्हणाली. "आता नाई करत."

ती गेली. श्रीहरीभाऊंनी भिंतीकडे तोंड केलं. दार उघडंच ठेवावं की लावावं, हे देवानंदला बराच वेळ कळेना.