टिकटिक का थांबली?

“टिकटिक कुठाय?” चिंगी एकदम ओरडली.

“घड्याळाची?” बंड्याने पत्ते पिसत विचारलं.

“गोळ्यांची रे, दादा!”

मावशीच्या बिनतारी यंत्राच्या खोलीत, छपरावरची एरियलची तार आत शिरते तिथे, भिंतीवर पितळेचे दोन गोळे समोरासमोर होते. मधे जेमतेम नख जाईल एवढी फट. आभाळ गडगडू लागलं की तारेवर साचलेली वीज त्या फटीतून उडी मारून जमिनीत जाई. निळी ठिणगी, टिक! आज दूरवर ढग गुरगुरत होते आणि गोळे मूग गिळून गप्प!

मावशीचं तिकडे लक्षच नव्हतं. काका होडी घेऊन समुद्रात गेले होते आणि वादळ त्यांच्याच दिशेने निघालं होतं. “परत फिरा!” माइकवर ओरडून तिचा घसा बसला, पण रेडिओ ढिम्म!

“सेट म्हातारा झालाय, ताई. खोलतोच आता,” मामा म्हणाला. मामा फिटर. ढिलं दिसलं की आवळायचं, हा त्याचा धर्म!

चिंगीने गोळ्यांजवळ जाऊन वाकून पाहिलं. फटच नव्हती!

“मामा, हे तू आवळलंस?”

“सकाळीच! भावोजींचं कामच ढिसाळ.”

“अरे, रेडिओचा आवाज बारीक, त्याला फट ओलांडता येत नाही, म्हणून तर तो सेटमध्ये जातो! आता तोही थेट जमिनीत चाललाय!”

“लहान तोंडी मोठा घास! हो बाजूला.” मामाने सेटच्या स्क्रूला हात घातलाच.

चिंगीने बंड्याला चिमटा काढला. बंड्या काय कमी!

“मामा, फाटकाची बिजागरी लटलट हलतेय!”

“कुठे?” मामा पाना घेऊन धावला!

“मावशी, गोळे बघ! चिकटलेत!”

मावशीने कपाळावर हात मारला. “लांब व्हा दोघं!” रबरी हातमोजे चढवून तिने स्क्रू उलटा फिरवला. फट उघडली. टिक! आणि लगेच खरखरत आवाज आला, “...कुणी ऐकतंय का?”

“अहो, वादळ येतंय! परत फिरा!”

“फिरलो!”

तरी होडी धक्क्याला लागेपर्यंत चिंगीचा जीव थाऱ्यावर नव्हता. काका चिंब भिजून घरात आले. मामा खाली मान घालून उभा होता. सगळं ऐकल्यावर काकांनी दोघांना जवळ ओढलं.

“शाब्बास रे पोरांनो! चिंगे, तुझे कान नसते, तर आज मी...”

चिंगीने त्यांचा ओला सदरा घट्ट धरला आणि ती हमसून हमसून रडली.