पडद्यामागचा तिसरा

माईकच्या लोखंडी स्टँडनं ताईचं डोकं फोडलं होतं. पहिल्याच घावात ती कोसळली असावी, तरी मारणाऱ्याचा हात थांबला नव्हता. पडद्यामागचा गालिचा रक्तानं चिंब झाला होता.

ताई विद्यापीठाच्या वाद्यवृंदाची नवी अध्यक्ष. वर्षानुवर्षं तिथं ठरावीक घरांतलीच मुलं निवडली जायची. तिनं निवडीला पडदा लावला. वाजवणारा आणि ती मागे, परीक्षक पुढे; नाव नाही, चेहरा नाही, फक्त नंबर. चालण्यावरूनही कुणी ओळखू नये म्हणून चपला दाराबाहेर.

तिसरा नंबर वाजवून गेला, चहाची सुट्टी झाली आणि त्या सुट्टीतच हा खून. तिसऱ्या नंबरचा मुलगा प्रेतापाशी सापडला. हात रक्तानं माखलेले. पोलिसांनी त्याला तिथूनच उचललं.

त्याची बहीण धावत वहिनींकडे आली. वहिनी खाजगी तपास करत. त्यांचे धाकटे दीर, निवृत्त कंपाउंडर, सोबत असत. त्यांना सगळे भाऊजीच म्हणत.

"चौकीत मारतायत त्याला. कबूल हो म्हणतायत," बहीण रडत होती. "तो व्हायोलिनचा विसरलेला गज आणायला मागे गेला होता. ताईंना पडलेलं पाहून उचलायला धावला."

"ताई त्याच्याशी कशी वागली होती?"

"देवमाणूस हो! आमच्या घरात खुर्ची नाही, तो जमिनीवर बसूनच शिकला. खुर्चीत त्याचा हात चालेना. ताई म्हणाल्या, बस खाली, पुढे कुणाला दिसतंय? सुट्टीत मलाच सांगितलं त्यानं."

सभागृहात फौजदारानं दोन्ही परीक्षकांना थांबवून ठेवलं होतं. म्हातारे सर आधीच तापलेले.

"हा पडदा मला मान्य नव्हता! तिसरा उभा होता की बसला होता, काही कळेना. मग डोळे मिटून ऐकलं. सूर सच्चा होता. मी त्याला सगळ्यांच्या वर ठेवलंय."

"सुट्टीत कुठं होतात?" वहिनींनी विचारलं.

"चहाच्या टेबलाशी. चारचौघांशी भांडत होतो, विचारा."

दुसरे परीक्षक माजी अध्यक्ष. त्यांना 'राजे' म्हणत. कडक इस्त्री, टायच्या रंगाचा रुमाल. त्यांनी पायावर पाय टाकला तेव्हा चकचकीत बुटावर उघडा घोटा दिसला. हल्लीची फॅशन, भाऊजी मनात म्हणाले.

"सुट्टीत मी बाहेर सिगारेट ओढत होतो," राजे म्हणाले.

"एकटेच?"

"एकटाच."

"त्या मुलाला ओळखता?"

"आजवर तोंडसुद्धा पाहिलेलं नाही. पण ताईला सांगत होतो, ही समता पुरे. खुर्चीत बसायचं ठाऊक नाही, जमिनीवर फतकल मारून वाजवतात. असल्यांना आत घेतलं की हेच होणार!"

भाऊजी कुजबुजले, "वहिनी, मला सरांचाच संशय येतोय. केवढा तो राग!"

"राग तोंडानं निघतोय तोवर हात उचलावा लागत नाही, भाऊजी. जरा फौजदारांना बोलवा."

सगळे पडद्यापुढे जमले. वहिनी राजांकडे वळल्या.

"तो जमिनीवर बसून वाजवत होता, हे तुम्हाला कुणी सांगितलं? मागे दोघंच होती. एक मेली, दुसरा चौकीत. बहीण थेट माझ्याकडे आली. पुढे बसून कळण्यासारखं असतं, तर सरांच्या मुरलेल्या कानांना कळलं असतं. तुम्ही फटीतून डोकावलात. आपलं कोण, परकं कोण, एवढंच पाहायचं होतं तुम्हाला. सरांचे डोळे मिटलेले होते, ताईचे नव्हते."

"वाट्टेल ते बोलू नका!"

"सुट्टीत तुम्ही तिला गप्प करायला गेलात. गालिच्यापर्यंतच्या लाकडी जमिनीवर बूट वाजले असते, म्हणून ते काढलेत. रक्त मोज्यांना लागलं. टायला रुमाल जुळवणारा माणूस मोज्यांशिवाय घराबाहेर पडत नाही. फौजदार, मोजे लांब गेले नसतील."

राजांनी खुर्ची उचलून वहिनींवर हाणली. भाऊजी मध्ये पडले. घाव त्यांच्या खांद्यावर बसला. तिघा शिपायांनी राजांना आडवं पाडलं तेव्हा त्यांचा ओठ फाटला होता.

"सगळ्यांना सांगणार होती ती!" ते रक्त थुंकत ओरडले. "त्या पोरांसमोर माफी माग म्हणाली! मी? त्यांच्यासमोर?"

मोजे मागच्या गटारात सापडले.

संध्याकाळी मुलगा सुटला. सर स्वतः चौकीवर आले होते. "निवड झाली तुझी," ते म्हणाले. मुलानं डावा हात पुढे केला. तीन बोटं काळीनिळी पडून भलतीकडे वळली होती. कबुलीसाठी कुणीतरी ती दारात चिरडली होती.

बहिणीनं भाऊजींकडे पाहिलं. जन्म दवाखान्यात काढलेल्या भाऊजींनी ती बोटं हलकेच हातात घेतली, नीट पाहिली आणि धडधडीत खोटं सांगितलं, "होतील बरी."