चौथी कड

प्राची परब कपड्यांची बॅग घेऊनच गिरगावातल्या त्या छोट्या ऑफिसात शिरली. खुर्चीत बसली तरी बॅगेचा पट्टा तिने सोडला नाही.

"सासूबाई म्हणतात, मी चोर आहे," ती म्हणाली. "मी माहेरी निघालेय. पण आधी चोर कोण ते कळू दे."

खाजगी गुप्तहेर राजरत्न जाधवने समोरची फाइल मिटली. त्याचा सहकारी निमेश पुढे सरकला. "काय चोरीला गेलं? दागिने?"

"दुपटं. बाळाचं."

निमेशला हसू आलं, पण प्राचीचा चेहरा बघून ते विरलं.

प्राचीची नणंद अपेक्षा अँटॉप हिलला राहते. तिला दिवस गेले तेव्हापासून सासूबाई, गुणवंतीबाई, घरच्या मशीनवर दुपटं शिवत होत्या. मऊ जुन्या साडीचं, आत कापसाचा पातळ थर. गेल्या आठवड्यात अपेक्षाला मुलगी झाली, ती मेलेलीच. गुणवंतीबाई मुलीला घरी सोडेपर्यंत हॉस्पिटलातच होत्या. परत आल्या, तर मशीनवर अर्धवट ठेवलेलं दुपटं नव्हतं.

"मला मूल नाही," प्राची म्हणाली. "म्हणून मी जळले आणि फेकून दिलं, असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. राजेश, माझा नवरा, बोटीवर आहे. माझ्या बाजूने कोण बोलणार?"

"मशीनला त्यानंतर कुणी हात लावलाय?"

"नाही. सासूबाई लावूच देत नाहीत."

"चला," राजरत्न उठला.

लालबागच्या त्या इमारतीत दार प्राचीचे सासरे शिवा परब यांनी उघडलं. माझगाव गोदीतून निवृत्त झालेला, रुंद खांद्यांचा माणूस. अपघातात उजवा पाय कायमचा अधू झालेला. काठी टेकत, पाय ओढत ते आत वळले.

गुणवंतीबाई पलंगावर बसल्या होत्या. सुनेकडे त्यांनी पाहिलं नाही.

"दुपटं किती झालं होतं?" राजरत्नने विचारलं.

"तीन कडांना झिगझॅगचा नक्षीचा टाका घातला होता. चौथी कड उघडी होती, तिथून कापूस भरला. मग तो सरकू नये म्हणून मधून साध्या टाक्याच्या ओळी घालत होते, तोच फोन आला. तशीच उठले."

"बाळाचं पुढचं कुणी केलं?"

"ह्यांनीच नेलं. जावई अपेक्षाच्या उशाशी होते. मी बाळाचं तोंडसुद्धा बघितलं नाही. मला दाखवू नका म्हटलं."

राजरत्न मशीनपाशी वाकला. टाका निवडायची चकती झिगझॅगवर होती. सुईपाशी कापड दाबून धरणाऱ्या फुटावर ताजा चरा दिसत होता. त्याने सुईखालची पट्टी काढली. आतल्या धुळीत सुयांची दोन मोडकी टोकं चमकली.

"प्राचीताई, हा फूट कसला?"

"साध्या टाक्याचा. त्याला एवढंसंच भोक असतं. झिगझॅगला सुई डावी-उजवीकडे जाते, तेव्हा रुंद खाचेचा फूट लावावा लागतो. नाहीतर सुई फुटावर आपटून मोडते. सासूबाईंनीच शिकवलंय मला."

गुणवंतीबाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. "मी चकती साध्या टाक्यावर ठेवून उठले होते."

टेबलाखाली पायाने दाबायचं पेडल अगदी डाव्या कोपऱ्यात सरकलेलं होतं. पांढऱ्या दोऱ्याचं रीळ मशीनवर नव्हतं. निमेशला ते खिडकीच्या कट्ट्यावर सापडलं.

खालच्या मजल्यावरच्या गुणाजी मेस्त्रींकडे घराची चावी असायची. निमेशने हाक मारताच ते घाईने जिने चढत आले.

"मी काय करू दुपट्याचं?" ते चिडले. "पण बाळ गेलं त्या दुपारी मशीन ऐकलं मी. घर्र करायचं, कट् व्हायचं, थांबायचं. मला वाटलं सूनबाई."

"मी तेव्हा डबा घेऊन हॉस्पिटलात होते," प्राची म्हणाली.

"परबकाका, तुम्ही?"

"कपडे बदलायला आलो होतो. काही बघितलं नाही," शिवा भिंतीकडे बघत म्हणाले.

निमेश कुजबुजला, "चावी गुणाजींकडे. सोपं आहे."

"निमेश, चोर पळण्याआधी शिवत बसतो का?"



"ज्याने दुपटं नेलं, त्याला ते पुरं करून न्यायचं होतं," राजरत्न सांगू लागला. "त्याने चकती झिगझॅगवर फिरवली, पण फूट बदलला नाही. सुई मोडली. दुसरी लावली, तीही मोडली. प्राचीताईंनी ही चूक केली नसती. मशीन हरल्यावर तो रीळ घेऊन उजेडाला, खिडकीत बसला आणि उरलेली कड त्याने हाताने शिवली. आता पेडल. उजव्या पायाने चालवणारा ते डाव्या कोपऱ्यात नेत नाही. गुणाजी धडधाकट जिने चढून आले. आणि अर्ध्या दुपट्याची त्याच दुपारी कुणाला गरज होती? बाळाला नेणाऱ्याला."

शिवांची काठी निसटून खाली पडली.

"हॉस्पिटलवाल्यांनी चादरीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवली होती," ते म्हणाले. "त्यावर त्यांचो शिक्को. माझ्या नातीच्या अंगावर शिक्को! मी म्हटलं, जरा थांबा, मी येतो. घरी आलो तर एका कडेने कापूस बाहेर येत होता. तसं उघडं कसं नेऊ? कड शिवताना तू ते बटण फिरवतेस, एवढंच बघितलं होतं. मोडल्या सुया. मग गोदीत पोती शिवायचो तशी शिवली. वाकडी झाली, गुणवंती."

"आणि माझ्यावर आळ आला तेव्हा?" प्राचीने विचारलं. "तेव्हा गप्प का बसलात, बाबा?"

"ही हॉस्पिटलात म्हणत होती, ते दुपटं आता पोटाशी धरून बसेन. ते मातीत गेलं म्हणून कुठल्या तोंडाने सांगू? रोज म्हणायचो, आज सांगतो. तुझा गुन्हेगार मीच आहे, पोरी."

गुणवंतीबाई उठल्या. सुनेसमोर उभ्या राहिल्या, हात जोडायला गेल्या. प्राचीने ते हात मध्येच धरले. तिला माफ करता येत नव्हतं, आणि हात सोडताही येत नव्हते.

गुणवंतीबाईंनी नवऱ्याकडे वळून विचारलं, "कशी होती?"

"केस होते भरपूर. हनुवटी तुझी."

त्या मटकन खाली बसल्या आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने रडल्या. गुणाजी तोंड फिरवून जिन्यात गेले. निमेश खिडकीबाहेर बघत राहिला.

मग त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मला तिथे न्या."

"तिथे खूण नाही गो," शिवा म्हणाले. "माती सारखी केली त्यांनी. बाजूला तशीच पुरलेली किती बाळं. मलाच आता ती जागा ओळखायची नाही."

"नसू दे. तिथेच कुठेतरी जवळ उभं राहू," गुणवंतीबाई म्हणाल्या आणि उठण्यासाठी त्यांनी प्राचीचा खांदा धरला.